कॅन्ससमधल्या लहान गावची शाळा आणि तिथले उपक्रम: मुलीला कशात घालावे?

आपला प्रश्न असा आहे. आपल्या पतींना पश्चिम कॅन्ससमधील एका ग्रामीण रुग्णालयात तीन वर्षांसाठी नेमणूक मिळाली आहे. मुलगी आतापर्यंत न्यू जर्सीत दोन हजार विद्यार्थ्यांच्या शाळेजवळ वाढली, आणि ऑगस्टमध्ये ती जेमतेम एकशे वीस मुलांच्या हायस्कूलमध्ये नववीत जाणार आहे. शाळेच्या संकेतस्थळावर आपल्याला अभ्यासाची माहिती थोडी आणि फुटबॉल, बँड, एफएफए, फोरेन्सिक्स यांचीच छायाचित्रे अधिक दिसली. या उपक्रमांत मुलीचा वेळ वाया जाईल का, घालायचेच झाले तर कशात घालावे, आणि शाळेशी बोलायचे तर नेमके कोणाशी, असे आपण विचारले आहे. मी कॅन्ससमधील अशाच एका डिस्ट्रिक्टमध्ये चोवीस वर्षे गणित शिकवले असून त्यांपैकी शेवटची नऊ वर्षे उपक्रमांचे वेळापत्रक माझ्या टेबलावर होते. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आधी डिस्ट्रिक्ट म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडच्या जिल्हा परिषदेचे चित्र डोळ्यांपुढे ठेवले तर गोंधळ होतो. इथला स्कूल डिस्ट्रिक्ट महसुली जिल्ह्याचा भाग नसतो. ती शाळा चालवण्यापुरती स्वतंत्र स्थानिक संस्था असते, तिची स्वतःची हद्द असते आणि स्वतःचा कर असतो. कॅन्ससमध्ये १९६३च्या कायद्याने शेकडो एकशिक्षकी आणि चिमुकले डिस्ट्रिक्ट एकत्र केले गेले. आज राज्यात सुमारे २८५ डिस्ट्रिक्ट आहेत आणि प्रत्येकाला युएसडी (युनिफाइड स्कूल डिस्ट्रिक्ट) या अक्षरांपुढे एक क्रमांक आहे. गावकरी सात जणांचे बोर्ड निवडून देतात, बोर्ड सुपरिंटेंडंट नेमते, आणि रोजचा कारभार मुख्याध्यापक पाहतात. लहान गावात हे सात जण म्हणजे कोणी शेतकरी, कोणी बँकेतला अधिकारी, कोणी आपल्याच रुग्णालयातली परिचारिका. बोर्डाची बैठक महिन्यातून एकदा होते, ती सर्वांना खुली असते, आणि तिथे तासभर बसलात तर संकेतस्थळ महिनाभर वाचून कळणार नाही इतके कळेल.

या व्यवस्थेतील एक तारीख मात्र लक्षात ठेवावी: २० सप्टेंबर. त्या दिवशीची पटसंख्या राज्य सरकारकडे जाते आणि राज्याचे अनुदान मुख्यतः तिच्यावर ठरते. शाळा कोणत्या गटात खेळणार हेही पटावरूनच ठरते. राज्यातील सर्वांत मोठ्या ३६ शाळा ६-ए गटात, त्यापुढच्या ३६ शाळा ५-ए गटात, असे उतरत उतरत आपली शाळा अगदी तळच्या गटांत येते. न्यू जर्सीत आपली मुलगी दोन हजारांतली एक झाली असती. इथे ती एकशे एकविसावी आहे, आणि सुपरिंटेंडंटना तो आकडा तोंडपाठ असतो. यात भावनेचा भाग कमी आणि हिशेबाचा अधिक आहे, पण त्या हिशेबामुळेच पुढचे सारे घडते.

माझ्या मते आपला मूळ प्रश्नच थोडा फिरवून घ्यायला हवा. मोठ्या शाळेत पालक विचारतात की आमच्या मुलीसाठी कोणता उपक्रम चांगला. तिथे जागा थोड्या आणि इच्छुक अनेक, म्हणून निवडचाचणी, खासगी शिकवणी, चढाओढ हे सारे येते. लहान शाळेत गणित उलटे असते. संघ, बँड, नाटक, वार्षिकांक, विद्यार्थी परिषद यांची संख्या मोठ्या शाळेपेक्षा फारशी कमी नसते, पण त्या जागा भरायला मुले नसतात. रॉजर बार्कर आणि पॉल गंप या मानसशास्त्रज्ञांनी याच कॅन्ससमधील लहानमोठ्या हायस्कूलांचा अभ्यास करून १९६४ साली हे मांडले. शाळा मोठी होते त्या प्रमाणात उपक्रमांचे प्रकार वाढत नाहीत. लहान शाळेतले मूल अधिक प्रकारच्या कामांत भाग घेते, आणि मुख्य म्हणजे जबाबदारीच्या जागी अधिक वेळा असते. सामान्य गुणांच्या मुलांनाही तिथे ‘आपण गेलो नाही तर अडेल’ असे वाटत असल्याचे त्यांना आढळले. मी हा अभ्यास नोकरीला लागून पुष्कळ वर्षे झाल्यावर वाचला. तोवर तो माझ्या दारापर्यंत येऊन गेलेला होता.

झाले असे. माझा मुलगा आठवी संपवत होता. त्याने बँड सोडून त्या तासाला ऑनलाइन गणिताचा पुढचा अभ्यासक्रम घ्यावा असे मी ठरवले आणि तसा अर्ज शाळेत दिला. दोन दिवसांनी संध्याकाळी बँडचे शिक्षक घरी आले. ते आत आले नाहीत, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी माझ्याकडे दोन ट्रॉम्बोन आहेत. त्यातला एक बारावीत आहे. दुसरा तुमचा मुलगा.” मुलगा फार छान वाजवतो असे ते बोलले नाहीत, कारण तो छान वाजवत नव्हता. संगीत, शिस्त, व्यक्तिमत्त्व यांचाही उल्लेख नव्हता. ती नुसती शिरगणती होती. मी गणिताचा माणूस. मला ती लगेच कळली आणि तरीही मी नाही म्हटले. पुढच्या शरद ऋतूत बँडच्या त्या ओळीत बारावीतला तो एकटाच मुलगा उभा होता आणि गावात मला कोणी एक शब्दही बोलले नाही. ते न बोलणे मला पुरले. हिवाळ्यानंतरच्या सत्रात मुलगा परत बँडमध्ये गेला; गणित त्याने उन्हाळ्यात केले.

त्यामुळे आपणही शाळेत गेलात की ‘कुठे जागा रिकामी आहे’ असे विचारावे. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण क्रॉस-कंट्रीचे आहे. पाच किलोमीटरच्या या शर्यतीत एका शाळेच्या सात मुली धावू शकतात, पण संघाचे गुण पहिल्या पाच जणींवर मोजले जातात. पाच नसतील तर चौघी कितीही वेगाने धावल्या तरी संघ म्हणून त्यांचे नावच लागत नाही. आपल्या शाळेत चार मुली धावत असतील तर आपली मुलगी शेवटून दुसरी आली तरी तिच्यामुळे संघ उभा राहतो. या खेळात निवडचाचणीत कोणाला वगळत नाहीत, चेंडूवरच्या हुकमतीची गरज नसते, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात, म्हणजे वर्ग भरू लागण्याच्या आगेमागेच, सराव सुरू होतो. नव्या मुलीला शाळेच्या पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बसायला चार ओळखीचे चेहरे मिळतात. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी नववीत येणाऱ्या मुलांना शरदातला एखादा खेळ घ्यायला सांगत असे. मुलींसाठी व्हॉलीबॉल हा दुसरा पर्याय.

आता शुक्रवारची संध्याकाळ, कारण छायाचित्रांत आपल्याला तीच दिसली आहे. आपल्या शाळेच्या पटावरून तिथे आठ जणांचे अमेरिकन फुटबॉल असण्याची शक्यता मोठी आहे. त्याचे मैदान ८० यार्ड लांब आणि ४० यार्ड रुंद, म्हणजे नेहमीच्या मैदानापेक्षा लहान, आणि एका संघाने दुसऱ्या अर्धात ४५ गुणांची आघाडी घेतली की सामना तिथेच संपतो. धान्याच्या उंच कोठाराच्या सावलीत मैदान असते, गुणफलकावर शेतकी सहकारी संस्थेची आणि बँकेची जाहिरात असते, आणि तिकिटाच्या टेबलावर बहुधा प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका बसलेल्या असतात. मध्यंतरात बँड मैदानात येतो तेव्हा नीट पाहावे: वादकांपैकी दोघातिघांच्या अंगावर बँडचा गणवेश नसतो, तर खांद्यावरच्या संरक्षक पॅडांसह फुटबॉलची चिखलाने भरलेली जर्सी असते. हेल्मेट कडेच्या बाकावर ठेवून ते ट्रंपेट उचलतात, आठ मिनिटे वाजवतात आणि धावत प्रशिक्षकाकडे जातात. मोठ्या शहरातून आलेल्या पालकांना हे पाहून हसू येते. मलाही आले होते. पण फुटबॉलचे प्रशिक्षक आणि बँडचे शिक्षक यांना एकाच मुलाची वाटणी करायची असल्यामुळे दोघांना एकमेकांशी जमवून घ्यावेच लागते, आणि असा समंजसपणा मी मोठ्या शाळांत फार कमी पाहिला.

मैदानाच्या टोकाला खाण्याचा स्टॉल असतो, त्याला कन्सेशन स्टँड म्हणतात. तो बहुतेक शाळांत अकरावीचा वर्ग चालवतो आणि त्या नफ्यातून वसंतातल्या प्रॉमचा, म्हणजे नृत्यसमारंभाचा खर्च निघतो. पॉपकॉर्न, नाचोज, लोणच्यातली अख्खी काकडी, आणि थंडी पडली की चिली. शाकाहाराचे म्हणाल तर नाचोजवर निभते. याच भागात राजम्यासारख्या दिसणाऱ्या त्या खिम्याच्या चिलीबरोबर दालचिनीचा गोड रोल खायची रीत आहे. शाळेच्या जेवणातही दोन्ही एकाच ताटात येतात. बाहेरच्यांना ही जोडी पटत नाही, पण पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ओरपणाऱ्यांनी त्याला नावे ठेवू नयेत.

फोरेन्सिक्स या शब्दाने मात्र बहुतेक मराठी पालक फसतात. एका डॉक्टर पालकांनी माझ्याकडे मोठ्या उत्साहाने चौकशी केली होती की त्यात प्रयोगशाळा आहे का. इथे त्याचा अर्थ वक्तृत्व आणि वाचिक अभिनय असा आहे. तयारीशिवायचे भाषण, स्वतः लिहिलेले भाषण, कवितावाचन, गद्यवाचन, दोघांचा प्रवेश असे त्याचे प्रकार असतात. आपल्याकडची आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा आणि एकपात्री यांचा मेळ घातला तर जे होईल ते. कॅन्ससमध्ये वादविवादाचा हंगाम शरदात आणि फोरेन्सिक्सचा वसंतात असतो, त्यामुळे एकच मूल दोन्ही करू शकते. वादविवादात वर्षभरासाठी देशभर एकच विषय असतो आणि दोघांच्या जोडीला त्याच्या दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. चार महिने एकाच सरकारी धोरणाचे कागद वाचल्यावर चौदा वर्षांची मुले ज्या सफाईने बोलतात, ती सफाई वर्गात शिकवून येत नाही. कॅन्ससला वादविवादाची जुनी परंपरा आहे. आपल्या शाळेत तो असेल तर मी तो पहिल्या पसंतीने सुचवीन. नसेल तर फोरेन्सिक्स नक्की घ्यावे. परीक्षकांची कायम चणचण असल्यामुळे पालकांनाही परीक्षक म्हणून बसवतात. आपण बसावे. आपल्या मुलीच्या खोलीत नव्हे, दुसऱ्यांच्या.

स्कॉलर्स बोल म्हणजे बटण दाबून उत्तर देण्याची प्रश्नमंजूषा. तिच्यात आपली मुलगी सहज रमेल, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. स्पेलिंग बीची आशा मात्र सोडावी: ती आठवीपर्यंतच असते. एएमसी या गणिताच्या देशपातळीवरील स्पर्धा-परीक्षेसाठी शाळेने नोंदणी करावी लागते. लहान शाळा ती बहुधा करत नाहीत, पण गणिताच्या शिक्षकांना सप्टेंबरच्या सुरुवातीला विचारले तर नकार सहसा मिळत नाही.

निळ्या कॉर्डरॉयच्या जाकिटातली मुले आपण पाहिली असतील, ती एफएफएची (मूळ नाव ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’). ही संघटना १९२८ साली कॅन्सस सिटी येथे, म्हणजे मिसूरी राज्याच्या बाजूच्या शहरात स्थापन झाली, निळे जाकीट १९३३मध्ये आले, आणि मुलींना सभासदत्व मिळायला १९६९ उजाडले. आज ती शेतकऱ्यांच्या मुलांपुरती नाही, आणि तिच्या नावातले ‘भावी शेतकरी’ हे शब्दही १९८८मध्ये गळले. शेतीच्या वर्गाशी ती जोडलेली असते, म्हणून वर्ग घेतल्याशिवाय सभासद होता येत नाही. माती पारखणे, जनावरांची निवड, सभाशास्त्र, शेतीच्या धंद्याचा हिशेब यांच्या स्पर्धा असतात. डॉक्टरांच्या मुलीने हे का घ्यावे, असे आपण विचाराल. तिला जीवशास्त्र आवडत असेल तर पशुवैद्यकाशी जवळून ओळख करून देणारी यासारखी दुसरी जागा त्या गावात नाही, आणि संसदीय पद्धतीने सभा चालवायला पंधराव्या वर्षी शिकलेली मुले पुढे कुठल्याही समितीत ओळखू येतात. फोर-एच हे मुलांचे मंडळ त्याचे भावंड वाटते, पण ते शाळेचे नसून कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या विस्तार केंद्राकडून चालते; त्याची चौकशी महसुली जिल्ह्याच्या, म्हणजे काउंटीच्या कार्यालयात करावी. उन्हाळ्यातल्या काउंटी मेळ्यात मुले आपण वाढवलेले डुक्कर किंवा मेंढरू लिलावात उभे करतात आणि गावातले व्यापारी मुद्दाम चढा भाव देतात. त्यानंतर ते जनावर कुठे जाते हे मुलीला आधी सांगून ठेवावे. एका ब्राह्मण कुटुंबातल्या मुलीने वाढवलेल्या मेंढराच्या लिलावानंतर तिच्या आईला समजावण्यात माझी पूर्ण संध्याकाळ गेली होती. मुलगी सावरलेली होती.

मुलींच्या खेळांबद्दल आपल्याला शंका वाटत असेल तर ती काढून टाकावी. १९७२च्या टायटल नाइन कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना मुलामुलींत भेद करता येत नाही. त्या आधीच्या वर्षात देशभर हायस्कूलच्या खेळांत तीन लाखांपेक्षा कमी मुली होत्या, आज त्या चौतीस लाखांहून अधिक आहेत. हिवाळ्यात मंगळवारी आणि शुक्रवारी बास्केटबॉलचे सामने असतात. आधी मुलींचा आणि लगेच त्याच मैदानावर मुलांचा. पूर्ण गाव दोन्हींना बसते. थंडीत तिथे दुसरे काही करण्यासारखे नसते हेही खरे.

अभ्यासाच्या चिंतेवर थेट उत्तर असे की राज्याच्या उपक्रम संघटनेचा नियम अभ्यासाच्या बाजूचा आहे. आधीच्या सत्रात किमान पाच विषयांत उत्तीर्ण असल्याशिवाय आंतरशालेय स्पर्धेत भाग घेता येत नाही, आणि अनेक डिस्ट्रिक्ट याच्याही पुढे जाऊन दर आठवड्याला गुण पाहतात. आपल्या मुलीचा प्रश्न उत्तीर्ण होण्याचा नसून वेळेचा असेल. पश्चिम कॅन्ससमध्ये पाहुण्या गावी जायला दीड-दोन तासांचा बसप्रवास नेहमीचा, आणि सामन्याच्या रात्री मुले अकरा-साडेअकराला परततात. बसमध्ये अभ्यास करता येतो असे सगळे म्हणतात. मी त्या बसमध्ये वर्षानुवर्षे बसलो आहे. जाताना थोडा होतो, येताना कोणाचा होत नाही. म्हणून पहिल्या वर्षी एका हंगामात एकच प्रवासाचा उपक्रम ठेवावा. बँड, गायन आणि विद्यार्थी परिषद ही कामे मुख्यतः शाळेच्या वेळेत होतात, ती जोडीला चालतात. एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे वर्ग या शाळांत मोजकेच असतात. त्याऐवजी जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे श्रेयांक अकरावी-बारावीत मिळवण्याची सोय असते, तिची माहिती समुपदेशकांकडून पहिल्याच भेटीत घ्यावी.

खर्चाचे स्वरूप डिस्ट्रिक्टगणिक बदलते. काही ठिकाणी सहभागाचे थोडे शुल्क असते, काही ठिकाणी नसते. प्रशिक्षक हे शिक्षकच असतात आणि त्यासाठी त्यांचा वेगळा पूरक करार असतो; त्याची रक्कम पाहिली तर ते हे पैशासाठी करत नाहीत हे समजेल. वाद्य विकत घेऊ नये. शाळेच्या कपाटात मोठी वाद्ये पडून असतात आणि बासरी-क्लॅरिनेट भाड्याने मिळतात. बाकीचा खर्च बूस्टर क्लब, म्हणजे पालकांचे मंडळ उचलते, आणि ते मंडळ आपल्याला पहिल्या महिन्यात गाठेल.

दोन नियमांवर सही करण्याआधी ते वाचावेत. पहिला अमली पदार्थांच्या चाचणीचा. ओक्लाहोमातील टेकुम्सी या लहान गावच्या डिस्ट्रिक्टच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की खेळाडूच नव्हे, तर गायनवृंद किंवा प्रश्नमंजुषेसारख्या स्पर्धात्मक उपक्रमांतल्या कोणत्याही मुलाची अचानक चाचणी शाळा घेऊ शकते. आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये ती पद्धत असेल तर संमतिपत्र येईल. त्यात मुलीवर संशय घेतलेला नसतो, चिठ्ठी टाकून नावे निघतात. दुसरा फोनचा. पेनसिल्वेनियातील एका मुलीने चीअरलीडिंगच्या मुख्य संघात जागा न मिळाल्याच्या रागात शनिवारी, शाळेबाहेरून, समाजमाध्यमावर अपशब्द टाकले आणि शाळेने तिला वर्षभर संघाबाहेर ठेवले. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने मुलीच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे शाळेबाहेरच्या बोलण्यावर शाळेचा अधिकार मर्यादित आहे. पण तो शून्य आहे असे न्यायालयाने म्हटलेले नाही, आणि एकशे वीस मुलांच्या शाळेत खटला जिंकूनही दुसऱ्या दिवशी त्याच अकरा मुलींबरोबर बसमध्ये बसायचे असते. मुलीला एवढे समजावून ठेवले की पुरे.

आपल्या पतींसाठी एक सूचना. डोक्याला मार बसल्याचा संशय आला की त्या मुलाला लगेच मैदानाबाहेर काढावे लागते आणि एमडी किंवा डीओ (ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेल्या) डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय परत खेळवता येत नाही, असा कॅन्ससमध्ये २०११पासून कायदा आहे. ज्या गावात डॉक्टर तीन-चारच, तिथे शुक्रवारी मैदानाच्या कडेला कोण उभे राहणार हे उघड आहे. ते अस्थिरोगतज्ज्ञ नाहीत या सबबीचा उपयोग होणार नाही.

धर्माचा विषय आपण काढलेला नाही, पण मनात असेल म्हणून लिहितो. बुधवारची संध्याकाळ या गावांत चर्चसाठी मोकळी ठेवलेली असते आणि त्या रात्री शाळा सहसा काही ठेवत नाही. ख्रिस्ती खेळाडूंचे मंडळ शाळेच्या इमारतीत भरते. ते मुलांनी चालवलेले आणि ऐच्छिक असते. १९८४च्या समान प्रवेशाच्या कायद्यामुळे शाळेने अभ्यासक्रमाबाहेरचे एक मंडळ चालू दिले की दुसऱ्याला धार्मिक किंवा वैचारिक कारणावरून अडवता येत नाही. त्याच कायद्याच्या आधारे आपल्या मुलीलाही हवे ते मंडळ सुरू करता येईल. शिक्षकांकडून प्रार्थनेची सक्ती झाल्यास मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. माझ्या कारकिर्दीत असा प्रसंग एकदाच आला आणि एका पत्राने मिटला. नवरात्र आणि होमकमिंग, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताचा शरदातला सोहळा, मात्र अनेकदा एकाच आठवड्यात येतात आणि त्यावर कोणाकडेच तोडगा नाही. आमच्या घरी मुलगी मिरवणुकीच्या गाडीवर बसून आली आणि मग आम्ही घरी आरती केली.

महाविद्यालयीन प्रवेशासाठी याचा उपयोग किती, यावर फार वेळ घालवू नये. कॅन्ससच्या सरकारी विद्यापीठांचा प्रवेश मुख्यतः शाळेतल्या गुणांवर किंवा चाचणीवर होतो. बाहेरच्या निवडक विद्यापीठांच्या सामाईक अर्जात दहा उपक्रमांसाठी दहा रकाने असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला दीडशे अक्षरे मिळतात. दहाही भरावेत असा नियम नाही. तीन वर्षे एकच काम आणि त्यात वाढत गेलेली जबाबदारी एवढे दिसले तरी वाचणाऱ्याला कळते, आणि ती जबाबदारी लहान शाळेत लवकर मिळते.

माझी खरी काळजी वेगळीच आहे, आणि आपल्या प्रश्नात तिचा उल्लेख नाही. तीन वर्षांची नेमणूक म्हणजे मुलगी अकरावी संपवेल आणि बारावीच्या तोंडावर आपण निघाल. बारावी हे या गावांत मुलांचे वर्ष असते. सीनियर नाइटला, म्हणजे बारावीच्या मुलांच्या सन्मानाच्या रात्री, आईवडील मुलाला हाताला धरून मैदानाच्या मध्यापर्यंत नेतात, शाळेच्या जाकिटावरचे मानाचे पट्टे पूर्ण होतात, वार्षिकांकाचे संपादन आणि परिषदेचे अध्यक्षपद त्याच वर्षी येते. नवव्या वर्गापासून जिच्यावर सगळे उभे होते, तिला नेमक्या त्या वेळी दोन हजारांच्या शाळेत परत नेणे हे मी दोनदा पाहिले आहे आणि दोन्ही वेळा वर्ष कठीण गेले. रुग्णालयाशी करार करतानाच चौथ्या वर्षाची शक्यता विचारून ठेवावी. ते शक्य नसेल तर मुलीला तसे आधीच सांगावे, आणि नव्या शाळेत पहिल्या दिवसापासून चालू शकतील अशी कामे, म्हणजे वादविवाद, धावणे, वाद्य, यांवर भर द्यावा. नॅशनल ऑनर सोसायटी या गुणी विद्यार्थ्यांच्या देशव्यापी मंडळाचे सभासदत्व बरोबर नेता येते. कर्णधारपद नेता येत नाही.

आता लगेच करण्याचे काम. खेळासाठीची वैद्यकीय तपासणी १ मेनंतरचीच ग्राह्य धरतात, ती तिथे पोहोचण्याआधी न्यू जर्सीत करून घेतली तरी चालते, मात्र कागद राज्य संघटनेच्या छापील नमुन्यातच हवा. तो डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाकडून मागवावा. नावनोंदणी ऑगस्टच्या सुरुवातीला दोन दिवस चालते. त्या दिवशी समुपदेशकांची भेट झाल्यावर व्यायामशाळेच्या बाजूच्या खोलीत अ‍ॅक्टिव्हिटीज डायरेक्टर बसलेले असतील, त्यांना भेटावे आणि मुलीलाच विचारू द्यावे की यंदा कुठे माणसे कमी आहेत. ते यादी काढून दाखवतील. बहुधा त्या यादीत तुमच्यासाठीही एक ओळ असेल: पहिल्या घरच्या सामन्याला कन्सेशन स्टँडवर सहा ते आठ, पॉपकॉर्नचे यंत्र.